सरकीच्या बाटलीतला जास्तीचा दाणा

उकंडाभाऊ,

एकवीस वर्षं मी तुम्हाला ‘अरे उकंडा’ म्हणत आलो. तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पण मी कंपाउंडर आणि तुम्ही ड्रेसर, एवढ्या आधारावर मी ते चालवून घेतलं. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. आज ‘तुम्ही’ लिहिताना हात अडखळतो आहे, पण आता हेच लिहिणार.

आधी बातमी सांगतो. तुमच्या पाचही बाटल्या काल दवाखान्याच्या काचेच्या कपाटात गेल्या. वरच्या फळीवर, डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांच्या हत्यारांशेजारी. त्या कपाटाला तुम्ही रोज सकाळी फडकं मारलंत, पण आत स्वतःची एक वस्तू ठेवायची तुम्हाला मुभा नव्हती. ती मुभा न देणारा मीच होतो. काल मीच कपाट उघडलं, मीच बाटल्या लावल्या. ज्वारीची जड होती, दोन हातांनी उचलावी लागली.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमची सखू खोकं डोक्यावर घेऊन माझ्या दारात आली. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते, पण बोलणं तुमच्यासारखंच सरळ.

“बाबानं सांगतलं व्हतं, हे कंपोंडरभाऊच्या हातात द्याचं. दुसऱ्या कोनाच्या नाई.”

“आत काय आहे?”

“तुमाले माईत नाई? तुमीच तं हासत व्हते ह्या बाटल्याईले.”

खोकं घेतलं आणि दाराला कडी लावून बसलो. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलं नाहीत, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आपल्या या धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरसाहेब नवे आले, तेव्हा त्यांना डोळ्यांचं वेड होतं. शिरपूरच्या रस्त्यावरून येणारी शेतकरी माणसं, बाया, तिथल्या देवळाला आलेले यात्रेकरू, जो तो डोळ्यावर काहीतरी उगवलेलं घेऊन यायचा. उन्हात, धुळीत, कापसाच्या तुसात राबणारे डोळे ते. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “विनायकराव, डोळ्यावर काहीही वाढलेलं दिसलं की ते कोणत्या प्रकारचं, हे रजिस्टरमध्ये लिहा. कोणता प्रकार किती लोकांना होतो हे आपल्याला कळलं पाहिजे. जे नेहमीचं आहे त्याला घाबरवायचं नाही आणि जे विरळ आहे त्याला सोडायचं नाही.”

आठ दिवस मी नीट लिहिलं. मग कंटाळलो. रांग कडुनिंबापर्यंत जायची, एका हाताने मिक्श्चर ओतायचं, दुसऱ्याने लिहायचं. आणि दहांतल्या बहुतेकांना नाखुनाच असायचा, नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकणारा मांसाचा पातळ पडदा. म्हणून मी पहिल्या ओळीत ‘नाखुना’ लिहायचो आणि खाली ‘कित्ता’. म्हणजे वरच्याप्रमाणेच. कित्ता, कित्ता, कित्ता, पान संपेपर्यंत. मान वर करायचीसुद्धा गरज पडत नसे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण माझा हात एकच आकार पुन्हा पुन्हा काढतो हे तुम्ही पाहिलंत.

“कंपोंडरभाऊ, त्या पागोटेवाल्याले काय लिवलं?”

“नाखुना.”

“अन् ह्या बाईले?”

“कित्ता.”

“हे कोन्ता रोग हाय?”

“रोग नाही रे. वरच्यासारखंच, असं.”

तुम्ही त्या बाईचं डोकं दोन्ही हातांत धरलेलं होतं, डोळ्यात थेंब घालायला. तिच्याकडे वाकून पाहिलंत आणि म्हणालात, “वरच्यासारखं कायचं बाप्पा? वरच्याच्या डोयात पडदा व्हता. हिच्या डोयात तीय हाय, काया.”

रांगेतली माणसं हसली. मी म्हणालो, “तू डोकं धर. लिहिण्याचं मी पाहतो.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही मिक्श्चरच्या पाच रिकाम्या बाटल्या धुऊन आणल्यात आणि मलमपट्टीच्या खोलीच्या खिडकीत मांडल्यात. दवाखान्यात येण्याआधी तुम्ही जिनमध्ये होतात, कापूस निवडायला. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, “कापूस दुरून सारा पांढराच दिसते. कवडी, म्हंजे किडका कापूस, वेगळी काढाची असन तं बोटं घालून पाहा लागते. इथं बी तसंच हाय.”

नाखुन्याला तुम्ही ज्वारी धरलीत. बुबुळाकडे न जाता पांढऱ्या भागातच बसून राहणारा पिवळट उंचवटा असतो, त्याला हरभऱ्याची डाळ. काळ्या तिळाला उडीद. लालसर, मऊ, चामखिळीसारखं काही असेल, किंवा धसकट लागल्यावर उगवलेलं मांस, त्याला मसूर. आणि पाचव्या बाटलीत सरकी. ती कशाला, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, आणि मी मनावर घेतलं नाही.

“डोयाच्या काया-पांढऱ्याच्या धुऱ्यावर बसते ते. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तन बसते ना, तसं. नाखुना नाकाकून येते, हे कुटूनबी येते. वर पांढरी भुकटी असते, सरकीच्या लवीवानी, पुसली तरी जात नाई. अन् जाड्या लाल शिरा तिच्याकडंच धावत जाते.”

मी बाटल्यांना ‘उकंड्याचं किराणा दुकान’ नाव ठेवलं. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. तुम्हीही हसायचात. पण तुमचे नियम कडक होते. दवाखान्यात आलेल्याचाच दाणा, आणि एका माणसाचा एकच, मग तो कितीही वेळा येवो. माझ्या रजिस्टरमध्ये एक नाखुनेवाला दहादा थेंब घ्यायला आला की दहा ओळी व्हायच्या. तुम्ही म्हणायचात, “दाहा खेपा, पन डोयाचा मालक एकच.” किडू नये म्हणून प्रत्येक बाटलीत कडुनिंबाचा पाला. आणि पडलेला दाणा पुन्हा बाहेर काढायचा नाही, काही झालं तरी. “दाना काढला का मोजनी खोटी.”

ज्वारी पडली की तुम्ही खूश व्हायचात. मला ते तेव्हा कळलं नाही. माणूस घाबरून आलेला असायचा, डोळा जातो की काय म्हणून. तुम्ही त्याचं डोकं हलकेच सोडायचात, बाटलीत दाणा टाकायचात आणि म्हणायचात, “ज्वारी हाय. बिनघोर घरी जा.” ज्वारी म्हणजे काय हे त्याला कळत नसे, तरी त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. साहेब मग त्याला थेंब देत, उन्हात डोक्यावर रुमाल बांधायला सांगत.

आपला एक वाद अजून तसाच आहे. बाजाराच्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून भाजीवाल्यांच्या ओळीतून नेलंत आणि म्हणालात, “पाहा, ह्या म्हातारीले डाय, त्या मानसाले डाय, त्यालेबी डाय. इथं डाय ज्वारीच्या वर जाते. आपल्या बाटलीत काहून कमी?” मी म्हणालो, ज्याला दुखत-खुपत नाही तो दवाखान्यात येतो कशाला? तुम्ही म्हणालात, मग आपली बाटली गावाची नव्हे, फक्त दवाखान्याची. मी म्हणालो, तेवढंच पुरे आहे. तुम्ही म्हणालात, नाही. आपण चांगलं अर्धा तास भांडलो आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत आलो. आता मला वाटतं तुमचंच बरोबर होतं. जो दारात येत नाही त्याचाही डोळा असतोच. पण तुमच्याशी वाद हरल्याचं मी तोंडाने कधी कबूल केलं नाही, आणि आज करतो आहे ते तुम्हाला ऐकू जाण्याची सोय राहिली नाही.

आता पार्वताबाईचं सांगतो. हे लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

त्या वर्षी पटकीची साथ होती. साहेब आठ दिवस खेड्यांवर फिरत होते, दवाखान्यात आपण दोघंच. पार्वताबाई शिरपूरच्या पलीकडच्या वाडीवरून आली. चाळिशीची असेल, निंदणाच्या कामातून उठून आलेली, हाताला माती तशीच. उजव्या डोळ्यावर, कानाच्या बाजूला, काहीतरी वाढलं होतं. तुम्ही तिचं डोकं धरलंत आणि बराच वेळ सोडलंच नाहीत.

“कंपोंडरभाऊ, एक डाव मान वर करा.”

“बोल ना.”

“बोलाचं नाई, पाह्याचं हाय. हे सरकी हाय.”

मी ‘कित्ता’ लिहून मोकळा झालो होतो. रांग मोठी होती, घरी बायको बाळंतपणानंतर तापाने पडली होती, सगळं खरं. पण मान वर करायला किती वेळ लागतो? मी केली नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, “तू ड्रेसर आहेस, डॉक्टर नाहीस.” आणि तिला थेंबांची बाटली दिली, महिन्याने यायला सांगितलं. ती गेली. तुम्ही पाचव्या बाटलीत दाणा टाकलात.

साहेब परतले त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांना सांगितलंत. त्यांनी मला विचारलं, “काय होतं हो त्या बाईला?” मी म्हणालो, “नाखुनाच, साहेब.” मी पाहिलंच नव्हतं. आणि वर म्हणालो, “उकंडाला सगळीकडे सरकीच दिसते. जिनमध्ये होता ना.” थकलेले साहेब हसले. मीही हसलो. तुम्ही पट्ट्यांचं तसराळं उचलून बाहेर गेलात. ते हसणं माझ्या कानात आजवर आहे.

पुढचा दिवस तुमच्या सुट्टीचा. तुम्ही चार कोस चालत पार्वताबाईच्या वाडीवर गेलात. तिने सांगितलं, कंपाउंडरने महिन्याने बोलावलंय. तिच्या सासूने सांगितलं, निंदण संपल्याशिवाय बाई हलणार नाही. तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसून राहिलात. दुपारी सासूने पाणी दिलं, तिसऱ्या प्रहरी भाकर दिली, दिवस कलल्यावर म्हणाली, “आता जाता का इथंच ऱ्हाता?” तुम्ही म्हणालात, “बाई बंडीत बसली का जातो.” अखेर तिच्या नवऱ्याने बैल जुंपले. हे मला बाईनेच नंतर सांगितलं. तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत.

साहेबांनी भिंग लावून डोळा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसऱ्याच दिवशी डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब घालून त्यांनी ती वाढ मुळासकट काढली, कडेची थोडी चांगली जागाही घेतली. डोकं तुम्ही धरलं होतंत. बाई हलली नाही, तुम्हीही हलला नाहीत. काढलेला तुकडा औषधात घालून मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवला. काही आठवड्यांनी उत्तर आलं. कर्करोग होता, पण अजून वरवरच होता, खोल उतरला नव्हता. साहेबांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “आणखी थोडे महिने गेले असते तर डोळाच काढावा लागला असता. कदाचित बाईही.”

त्या दिवशी तुम्ही सरकीची बाटली हातात घेऊन उन्हात धरून पाहिलीत. मला वाटलं तुम्ही माझ्याकडे पाहाल. पाहिलं नाहीत. बाटली पुसून जागेवर ठेवलीत आणि सगळ्यांसाठी चहा ठेवलात, मलाही दिलात.

आणि मी काय केलं? त्याच दुपारी दवाखाना रिकामा असताना रजिस्टर काढलं, पार्वताबाईच्या ओळीतला ‘कित्ता’ पात्याने खरवडला आणि तिथे लिहिलं: ‘वाढ संशयास्पद. डॉक्टरांस दाखवणे.’ पुढे जिल्ह्याहून मोठे सर्जनसाहेब तपासणीला आले. त्यांनी ते पान वाचलं आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. “कंपाउंडर असावा तर असा. पहिल्याच भेटीत ओळखलं.” तुम्ही दारात गरम पाण्याची बादली घेऊन उभे होतात. आपले साहेब खिडकीबाहेर पाहत होते. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर बारा वर्षं आपण रोज एकत्र काम केलं. तुमच्या सखूच्या लग्नात मी वाढायला होतो, माझ्या बायकोच्या आजारपणात तुम्ही घरचं पाणी भरलंत. कितीदा जिभेवर आलं होतं. एकदा तर पट्ट्या कापता कापता मी ‘उकंडा, ते पान…’ एवढं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, “पट्टी सरय कापा, कंपोंडरभाऊ, तिरपी चालली.” मला वाटलं तुम्हाला कळलं नाही. तुमच्यासारख्या माणसाला कळलं नसेल, असं मला वाटलं, यातच काय ते आलं.

खोकं घरी आलं त्या दुपारीच मी ते घेऊन साहेबांकडे गेलो. आता त्यांचेही केस पांढरे झाले आहेत. मी रजिस्टरचं ते पान त्यांच्यापुढे उघडलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. न पाहता लिहिलेला कित्ता, खोटं सांगितलेला नाखुना, पातं, नवी ओळ.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “विनायकराव, शाई वेगळी आहे. मला त्याच दिवशी दिसली होती.”

ते पुढे म्हणाले, “सर्जनसाहेब गेले त्या संध्याकाळी मी उकंडाला बोलावलं. म्हटलं, खरं सांग, उद्या विनायकरावांना कामावरून काढतो. तर म्हणाला, ‘कंपोंडरभाऊनंच ओयखलं सायब, मी नुसता बाईले घेऊन आलो.’ मी म्हटलं, तू खोटं बोलतो आहेस. तर म्हणाला, ‘त्याईची बायको बिमार हाय, लेकरू अंगावर हाय. बाईचा डोया वाचला, आता आनखी एक घर कायले बुडवता? ते एक दिवस सोताच येऊन सांगन तुमाले.’ मी विचारलं, आणि नाही सांगितलं तर? तो म्हणाला, ‘सांगते. मी ओयखतो त्याईले.’”

उकंडाभाऊ, डोळ्यावर काय वाढलंय ते तुम्ही बरोबर ओळखायचात. माझ्या बाबतीतही तुमचा अंदाज खरा निघाला, फक्त मी बारा वर्षं उशीर केला, आणि तुम्ही नसताना आलो. याची रुखरुख मरेपर्यंत राहील. पण त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना मी रडत होतो ते नुसतं शरमेने नव्हे. माझ्यासारख्यावर कुणी इतका भरवसा ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या तेरवीला दवाखान्याच्या ओसरीवर माणसं मावेनात. या महायुद्धामुळे साखर मिळत नाही, तरी ज्याने त्याने घरून गूळ आणला होता. साहेबांनी मला बोलायला उभं केलं. मी पान हातात धरून सगळ्यांसमोर सांगितलं, की पार्वताबाईचा रोग मी ओळखला नव्हता, उकंडाभाऊंनी ओळखला होता, आणि ही ओळ मी खोटी लिहिली. मग मागून पार्वताबाईचा आवाज आला. ती आता पन्नाशीच्या पुढे आहे.

“हे आमाले कायले सांगता? मले पयल्या दिवशीच माईत व्हतं. तुमी मान वर केलीच नाई. मले तुमचा नुसता भांग दिसला.”

ओसरी हसली. रडत रडत हसली. सखू तर पदर तोंडात धरून हसत होती. मीही हसलो, आणि हे हसणं त्या जुन्या हसण्यासारखं नव्हतं.

बाटल्यांची बुचं झिजली होती. पार्वताबाईने तुमच्याच जुन्या धोतराचे पाच तुकडे केले, त्यांच्या टोप्या शिवायला बसली. सुई हातात घेतली, डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्या डोळ्याने, त्याच डोळ्याने, पहिल्या झटक्यात दोरा ओवला. मग सुई उंच धरून सगळ्यांना दाखवली. लग्नातल्यासारखा गलका झाला, उकंडाभाऊ. तेरवीला असं करतात का, असं एक म्हातारा पुटपुटला, आणि तोही पुढे सरकून सुई पाहू लागला.

संध्याकाळी साहेब, सखू आणि मी दाणे मोजायला बसलो. साहेबांना तक्ता करायचा होता, तुमच्या नावाने, भिंतीवर लावायला. माझी रजिस्टरं त्या कामाला निरुपयोगी आहेत, कित्त्यांमध्ये सगळं बुडालं आहे. तुमची मोजणी मात्र स्वच्छ. ज्वारी इतकी, की सुपात ढीग झाला. तिच्या मागे डाळ, बऱ्याच अंतराने उडीद, मग मसूर. सरकी माझ्या एका तळहातावर मावली. साहेबांनी एकदा सुपाकडे पाहिलं, एकदा माझ्या तळहाताकडे. म्हणाले, “मी जे मागितलं होतं ते हेच.”

सरकीचा प्रत्येक दाणा मला माणसासकट आठवत होता. पार्वताबाई, बैलांचा व्यापारी, शिरपूरला देवदर्शनाला आलेले ते आजोबा ज्यांना फार उशीर झाला होता. नावं घेत घेत मी एकेक दाणा बाजूला ठेवत गेलो. शेवटी एक उरला. आम्ही पुन्हा मोजलं. पुन्हा एक उरला.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

सखू म्हणाली, “तो आजीचा हाय. सगळ्यात पयला टाकला व्हता बाबानं.”

मग तिने सांगितलं. तुमची आई, कामरगावची. तिच्या डोळ्यावर ते वाढलं तेव्हा गावात सगळे म्हणाले नाखुना आहे, प्रत्येकाला असतो. तुम्ही जिनमध्ये होतात, तुम्हीही तेच म्हणालात. डोळा गेला, मग गाल, मग आई. पाचवी बाटली तुम्ही कशी ओळखत होतात, ते मला एकवीस वर्षांनी कळलं. मी विचारलंच नव्हतं कधी.

साहेब हळू आवाजात म्हणाले, “पण ती आपल्या दवाखान्यात आली नव्हती. दवाखान्यात आलेल्याचाच दाणा, हा उकंडाचाच नियम. तक्त्यासाठी हा एक दाणा बाजूला काढावा लागेल.”

सखू म्हणाली, “आली नाई कशी? बाबा तिले रोज आनत व्हता.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तळहात बाटलीवर उपडा केला. सगळी सरकी आत गेली, आजीचीसुद्धा. पडलेला दाणा पुन्हा काढायचा नाही, हाही तुमचाच नियम. मग रजिस्टर ओढलं, कोरी ओळ घेतली, सखूला नाव विचारलं आणि सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण लिहिलं: तुळसाबाई. कामरगाव. डोळ्याच्या धुऱ्यावरील वाढ, सरकी. ओळखणारा: मुलगा, उकंडा ड्रेसर. तक्त्याखाली साहेबांनी स्वतः टीप लिहिली आहे, की यातला एक दाणा दवाखाना उघडण्याआधीचा आहे. मोजणी खोटी नाही, उकंडाभाऊ. सगळं उघड लिहिलेलं आहे.

आणि आज सकाळची गोष्ट. बाटल्या कपाटात गेल्यानंतरची पहिली डोळ्याची पेशंट, मुठीत पदर गच्च धरलेली एक मावशी. रांग कडुनिंबाच्याही पुढे गेली होती. मी दौत बाजूला ठेवली, खुर्चीवरून उठलो, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पाहिलं. नाकाच्या बाजूने आलेला, चपटा, पातळ पडदा. धुऱ्यावर उंचवटा नाही, भुकटी नाही, जाड शिरा नाहीत. साहेबांनीही पाहून मान हलवली. मी कपाट उघडून दाणा टाकला.

“काय हाय जी डोयात?” तिने भीत भीत विचारलं.

“ज्वारी हाय, मावशी. बिनघोर घरी जा.”

“हे कोनं सांगतलं?”

“उकंडा ड्रेसरनं,” मी म्हणालो.